चहाच्या नाचातला तुझा भाग

वारजे, पुणे
३० ऑक्टोबर २०२२

ताई,

पत्ता तोच असेल असं धरून लिहिते आहे. मागच्या महिन्यात पार्लरमध्ये एक कोलकात्याची बाई आली होती, भाचीच्या लग्नासाठी तुमच्या टोरोंटोहून पुण्यात आलेली. तिनं सांगितलं, तू अजून त्याच घरात आहेस आणि भाऊजी गेल्यापासून एकटीच राहतेस. भाऊजी गेल्याचं मला माहीत नव्हतं. कळवणार तरी कोण? एकोणीस वर्षं आपण एकमेकींना काहीच कळवलेलं नाही. मीही विधवा झाले, रामदास जाऊन सहा वर्षं झाली, हे तरी तुला कुठं ठाऊक असणार.

घाबरू नकोस, जुनं काही काढणार नाही. काम आहे म्हणून लिहिते. आणि मराठीत लिहिते, कारण आपल्या हक्का चिनी भाषेत आपल्याला नुसतं बोलता येतं, आणि माझं इंग्रजी पार्लरच्या पाटीपुरतंच. कसब्यातल्या शाळेत तुला बाराव्या वर्षी तिसरीत बसवलं होतं, आठ वर्षांच्या माझ्या शेजारी, एकाच बाकावर. तुझे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. ते शिक्षण आता कामाला येऊ दे.

माझी नात मैत्री, धम्मदीपची मुलगी, चौदा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी मेथी निवडत बसले होते आणि ती शेजारी मोबाइलवर नाच बघत होती. चीनमधल्या कुठल्या तरी मोठ्या रंगमंचावर चाळीस मुली पंखे घेऊन चहा खुडत होत्या. मी बघत नव्हते, नुसतं कानावर पडत होतं. मैत्री एकदम म्हणाली, "आजी, तू काय करतेयस?"

बघते तर माझे हात हवेत. मेथी मांडीवरून खाली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या आईनं."

"मग मला शिकव ना."

ताई, मी उठले आणि माझा भाग करून दाखवला. टोपली घेऊन यायचं, वळायचं, तुझ्याकडून पानं घ्यायची, गुडघ्यात वाकून मागं जायचं. मग दोन फेऱ्या, आणि तिसऱ्या फेरीला झपझप पावलं टाकत बाहेर. पासष्टाव्या वर्षी सगळं आलं. आमेनं शिकवलेलं साठ वर्षं कुठं बसून होतं कोण जाणे. पण मैत्रीनं विचारलं, "तुला पानं देणारी काय करते?" आणि मला सांगता येईना. तुझा भाग मी वळता वळता, खांद्यावरून पाहिलेला. आमेनं तो थोरलीला दिला आणि धाकटीला टोपली दिली.

तेवढा लिहून पाठव. पाय कसे, हात कसे, किती वेळा. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मैना

२० नोव्हेंबर २०२२

ताई,

उत्तर नाही. पोस्टातली मुलगी म्हणाली, तिकडे पोचायलाच दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे तुझं उत्तर वाटेत असेल असं मी मानते आहे. मानायला पैसे पडत नाहीत.

मैत्रीला हा नाच का हवा आहे, ते मला आत्ता कळलं. आमेचं नाक आणि डोळे घरात कुणी घेतले असतील तर या मुलीनं. तिची आई तनुजा इथल्याच वारज्याच्या शेतकरी घरातली, उंच, टपोऱ्या डोळ्यांची. दोघी रिक्षात बसल्या की रिक्षावाला विचारतो, "ही तुमचीच का?" शाळेत 'चिंकी' तर बालवाडीपासून आहे. दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या मुलांनी तिचं नाव 'कोरोना' ठेवलं होतं. ऑनलाइन शाळेत तिनं कॅमेरा लावणं बंद केलं, आणि आम्ही समजत होतो की नेट चालत नाही. तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगताना रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "आजी, लोक मला चायनीज म्हणतातच. मग चायनीज म्हणजे काय, ते मला तरी माहीत असायला हवं ना?"

तिला हा नाच सोसायटीच्या सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात करायचा आहे. शेजारची अक्षता तिच्याबरोबर तयार आहे. मी सेक्रेटरींकडे नाव द्यायला गेले. साईनाथराव माणूस वाईट नाही. चहा दिला, मग म्हणाला, "काकू, नाच छानच असणार हो. पण सव्वीस जानेवारी आहे. सीमेवरचं प्रकरण लोक अजून विसरलेले नाहीत. चायनीज म्हटलं की कुणीतरी उठणार."

"मग?"

"आसामचं लोकनृत्य म्हणून लावू. चहाचंच आहे ना? आणि तुमचा जन्म आसामचाच. खोटंही नाही."

मी लगेच हो म्हटलं. कप खाली ठेवायच्या आधी हो म्हटलं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आमेलाही तसंच वाटलं असतं.

मैत्रीनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू त्यांना घाबरलीस." मी म्हटलं, "घाबरायचं काय त्यात?" तर म्हणाली, "तेच मी विचारतेय." त्या दिवसापासून तालीम बंद आहे. अक्षता दोनदा दार वाजवून गेली.

तुझा राग आमेच्या शेवटच्या दिवसांचा आहे, मला माहीत आहे. तेव्हा फोन लागत नव्हता, हे मी तुला त्याच वेळी कळवलं होतं. तो राग या पोरीवर काढू नकोस.

मैना

११ डिसेंबर २०२२

ताई,

काल मी मैत्रीला छावणीचं सांगितलं.

दुसरं काही सुचेना. मी का घाबरले, ते तिला सांगायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागणार होती. दुपारी भांडी आवरून झाल्यावर तिला समोर बसवलं. म्हटलं, एकोणीसशे बासष्टच्या लढाईच्या वेळी मी पाच वर्षांची होते आणि माझी ताई नऊ वर्षांची. आम्ही आसामात माकूमला राहायचो. आपा, म्हणजे माझे वडील, चहाच्या मळ्यांसाठी सुतारकाम करायचे. एक दिवस पोलीस आले आणि म्हणाले, थोड्या दिवसांचे कपडे घ्या. कितीतरी दिवस गाडीत बसून राजस्थानात गेलो, देवळीच्या छावणीत. तिथून सुटायला तीन वर्षं लागली. माकूमचं घर तोवर दुसऱ्या कुणाचं झालं होतं. आपांना पुण्यात काम मिळालं म्हणून कसब्यात एका खोलीत आलो.

मैत्री म्हणाली, "पण तुम्ही काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

"आमचे चेहरे असे होते."

मग मी तिला आमेचं सांगितलं. छावणीत सकाळी गारठ्यानं बोटं वळायची नाहीत. ऊन येईपर्यंत आमे आपल्याला अंथरुणात पडू द्यायची नाही. "उठा, चहा खुडायला चला," म्हणायची. जेवणाची पत्र्याची ताटली हीच टोपली. वाळूत ती आपल्या पायांच्या खुणा करून ठेवायची, तुझ्या डाव्या बाजूला, माझ्या उजव्या, आणि आपण त्यांवर पाय ठेवत जायचो. बराकीतल्या बायका हळूहळू गोळा व्हायच्या, कुणीतरी सूर धरायचं. आमे हसायची ती तेवढ्याच वेळात. मला छावणीतलं वाईट फारसं आठवतच नाही ताई, मला ते हसू आठवतं. तुला जास्त आठवत असणार. तू मोठी होतीस.

आणि मग कसब्यातलं सांगितलं. पुण्यातल्या पहिल्या चिनी नवीन वर्षाला तू खोलीत उभी राहून पहिलं पाऊल आपटलंस, आणि आमेनं धावत येऊन तुझ्या तोंडावर हात ठेवला. आवाज पायाचा होता, तिनं तोंड दाबलं. "खाली माणसं राहतात," म्हणाली. त्यानंतर आपल्या घरात कुणी नाचलं नाही.

हे सगळं चालू असताना धम्मदीप दारात येऊन उभा होता. मला कळलंच नाही. एकेचाळीस वर्षांचा माझा मुलगा, त्याला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. त्याला मी एवढंच सांगत आले होते की आजोबा कामासाठी पुण्यात आले. तो म्हणाला, "आई, हे तू मला कधी सांगणार होतीस?" मी म्हटलं, "नव्हतेच सांगणार." तो बाहेर निघून गेला. तासाभरानं परत आला तो पेरू घेऊन आला. कापून, मीठ-तिखट लावून माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाला, "आता पहिल्यापासून सांग."

रात्री मैत्रीनं एक प्रश्न विचारला. "तुझी आई परत कधीच नाचली नाही?"

मी म्हटलं, "नाही."

ते खोटं होतं. पत्र इथंच थांबवते.

१३ डिसेंबर

पाकीट बंद करून दोन दिवस पर्समध्ये ठेवलं होतं. आज उघडलं.

ताई, फोन लागत होता.

तुझा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. आमेला इस्पितळातून घरी आणल्यापासून ती पाच दिवस होती. पाच दिवस मी त्या कागदासमोरून जा-ये केली. रामदास रोज विचारायचे, "शीलाताईंना कळवलंस?" आणि मी सांगायची, "लावतेय, लागत नाही."

तुला माहीत आहे, माझ्या लग्नाला तू आणि आपा आला नव्हतात. आमे एकटी आली. विहारात शिरल्या शिरल्या, कुणी काही सांगायच्या आत, ती बुद्धापुढं गुडघे टेकून बसली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "यांना काही शिकवायला नको." आपा गेल्यावर ती माझ्याकडेच राहिली, आणि सासूबाईंनी तिला कधी परकं मानलं नाही. तू टोरोंटोहून दोनदा बोलावलंस, ती गेली नाही. मला वाटायचं, ही माझ्यासाठी राहिली. आणि शेवटच्या आजारात पहिल्याच दिवशी तिनं मला हाक मारली ती तुझ्या घरातल्या चिनी नावानं. सिऊलान, सिऊलान. मी सांगायची, "आमे, मी मैना." ती मान हलवायची आणि पुन्हा तुझंच नाव.

तुला फोन केला असता तर तू मिळेल त्या विमानानं आली असतीस. आमेनं तुला ओळखलं असतं. ते मला बघायचं नव्हतं. बस, एवढंच कारण आहे. दुसरं नाही.

आणि ती नाचली होती. चौथ्या दिवशी दुपारी तिचे हात चादरीवर चालायला लागले. बोटं मिटायची, उघडायची. खुडणं, ओंजळीत धरणं, पुढं करणं. तुझा भाग. पुढं केलेले हात तसेच ठेवून ती माझ्याकडे बघत राहायची. परत पहिल्यापासून. मला वाटलं, हातसुद्धा तुझेच आठवताहेत. मी उठून गच्चीत गेले आणि वाळलेले कपडे काढत बसले.

मैत्रीला माझा भाग शिकवायला लागले तेव्हा मला कळलं. आमे पानं पुढं करून थांबायची, ते कुणीतरी टोपली धरावी म्हणून. टोपली कुणाची, ताई? हाक तुझ्या नावाची होती, पण तिचे हात माझी वाट बघत होते. मी समोरच बसले होते, आणि उठून गेले.

तू तेव्हा फोनवर म्हणाली होतीस, "तू माझी आई माझ्यापासून तोडलीस." त्यावर मी तुला उलट बोलले होते. तुझं खरं होतं.

तुझ्या भागाचं आता काही मागत नाही. हे पत्र टाकते आहे.

मैना

१४ जानेवारी २०२३

ताई,

तुझं पाकीट काल आलं. वर नाव मैत्रीचं, त्यामुळे मी उघडलं नाही. ती शाळेतून येईपर्यंत तीन तास टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

सात मोठे कागद. त्यांवर पेननं काढलेले तुझे पाय. कागदावर उभी राहून स्वतःच काढलेस ना? डाव्या पायाची रेघ वाकडी गेली आहे, गुडघा दुखतो का? बाजूला मराठी, मोठ्या मोठ्या अक्षरात, आणि तुझा ळ अजून ल सारखाच. बाईंनी त्या ळ साठी तुला किती उभं केलं होतं. "इथे तीन वेळा खुडायचे. इथे थांबायचे. घाई करू नये." मैत्री एकेक कागद फरशीवर मांडत गेली, चिकटपट्टीनं चिकटवले, आणि बूट काढून तुझ्या पायांवर पाय ठेवून उभी राहिली. तिचे पाय तुझ्यापेक्षा मोठे आहेत.

मला तू एक ओळही लिहिलेली नाहीस. फक्त पाचव्या कागदावर आहे: "मैनाचे चुकते आहे. तिसऱ्या फेरीत झपझप जायचे नाही. ती लहानपणापासून घाई करते." मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगणार नाही.

सुधारून घेतलं आहे. आता अक्षता माझा भाग करते, मैत्री तुझा.

पण मैत्रीची अट होती: नाचाचं नाव बदलायचं नाही. म्हणून मी पुन्हा साईनाथरावांकडे गेले. म्हटलं, "आसामचं म्हणू नका. हा चिनी लोकांचा नाच आहे. माझ्या आईचा."

"काकू, आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. माझं चुकलं होतं."

तो डोकं खाजवत बसला. आत त्याची आई मुक्ताई शेंगा फोडत होती, ऐंशी पार केलेली. तिथूनच ओरडली, "चिनी म्हंजी काय रं? ही बाई चाळीस वर्सं हितं ऱ्हातीया. तुज्या बायकूला लग्नात हिनंच नटवली. पोरगी हितंच जल्मली न्हवं? मंग नाचू दे की!"

साईनाथराव म्हणाला, "बरं बाई. पण कुणी काही बोललं तर तुम्ही बघायचं."

"मी बघीन," म्हटलं. आणि त्यानं मत बदलायच्या आत पायऱ्या उतरले.

मैना

२९ जानेवारी २०२३

ताई,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मला बोलता आलं नाही. फोन मैत्रीच्या हातात देऊन मी आत गेले. म्हणून लिहिते. पण आधी सव्वीस तारखेचं सांगते, कारण मैत्रीनं तुला पाठवलेल्या व्हिडिओत सुरुवातीचं आलेलं नाही.

झेंडावंदन झालं, लहान मुलांची देशभक्तीची गाणी झाली. साईनाथरावांनी माइकवर सांगितलं, "आता मैत्री आणि अक्षता, एक लोकनृत्य." कुठलं, ते त्यानं गाळलं. दोन्ही डगरींवर हात. मैत्री तशीच पुढं गेली आणि माइक हातात घेतला. म्हणाली, "हा हक्का चिनी लोकांचा चहा खुडण्याचा नाच आहे. माझ्या पणजीनं हा माझ्या आजीला आणि तिच्या ताईला शिकवला. तेव्हा त्यांना चिनी म्हणून छावणीत ठेवलं होतं. त्या भारतातच जन्मल्या होत्या. मी पण."

एवढंच. मागच्या रांगेतला एक माणूस उठला, स्वतःची खुर्ची मिटवली आणि घेऊन गेला. त्याच्यामागून आणखी दोघं गेले. मी बघीन म्हटलं होतं, म्हणून बघत राहिले. बाकीचे बसून होते. धम्मदीप सगळ्यांत पुढं, तनुजाचा हात धरून.

गाणं मीच म्हटलं, माइकवर. आमेचे शब्द मला पूर्ण येत नाहीत, मधे नुसताच सूर धरला. तिसऱ्या फेरीला मी घाई केली असं मैत्रीचं म्हणणं आहे. तुझा नियम पावलांना आहे, गाण्याला नाही, असं मी तिला सांगितलं. शेवटी टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. पुण्यात बऱ्यापैकी म्हणजे पुष्कळ, तुला ठाऊक आहेच.

आणि तू फोन केलास. मैत्रीशी दहा मिनिटं बोललीस, तिचा उजवा खांदा वर जातो म्हणून सांगितलंस. मग माझ्याशी. एकोणीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला, तर तो आमेचा होता. मला वाटलं तू रागावशील, रड म्हणशील, काहीतरी म्हणशील. तू एवढंच विचारलंस, "आमेला नेताना अंगावर काय घातलं होतंस?"

सांगते.

तू एकदा कुणाबरोबर तरी निळा लोकरी स्वेटर पाठवला होतास, मोत्यासारख्या बटणांचा. आमे म्हणाली, पुण्यात एवढी थंडी कुठं असते, आणि कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिला. दर हिवाळ्यात काढायची, गच्चीत ऊन दाखवायची, पुन्हा घडी करून ठेवायची. मला कधी हात लावू दिला नाही.

तिला आंघोळ मी आणि सासूबाईंनी घातली. मग मी ट्रंक उघडली. ऑगस्ट होता, बाहेर पाऊस. रामदास म्हणाले, "अगं, पावसाळ्यात स्वेटर?" मी म्हटलं, "तिला थंडी फार वाजायची." तोच घातला, ताई. बटणं खालपासून वरपर्यंत लावली. तेव्हा लक्षात आलं की बाह्या लांब आहेत. तू तुझ्या मापानं घेतला असणार. मी दोन्ही बाह्या दोनदा दुमडल्या, हात मोकळे राहतील इतक्या.

मैना